घोरपडीचं बेट

खांदा दाखवायला गेलो होतो मोठ्या दवाखान्यात.
बत्तीस वर्षं शिडीवर उभं राहून हात वर धरला
की असंच होतं, म्हणे.
तपासायला आली ती उंच, काळी पोरगी,
खिशातली वही काढून
आधी कन्नडात विचारलं : नोवु एल्लिदे?
मग मराठीत : कुठं दुखतं?
मी म्हटलं, बाई, दोन्हीत दुखतंय की.
तिला कळलं नाही. शेजारचा मुलगा तेवढा हसला.

पुढच्या रविवारी ती शहापुरात, खडेबाजारात,
माझ्या दुकानाच्या पायरीवर.
कॉलेजात परदेशी पोरांची जत्रा आहे,
पाटी हवी, देशाच्या नावाची : सेंट लुसिया.
हे कुठं आलं?
तिनं माझ्याच पत्र्यावर खडूनं समुद्र काढला,
त्यात एक थेंब,
थेंबाच्या बुडाशी दोन सुळके, थेट पाण्यातून उठलेले.

मी जुना रंग खरवडत होतो, ती सांगत होती.
फ्रेंच आले. इंग्रज आले. परत फ्रेंच.
पॅरिसात कुणी सही केली
की तिकडं झेंडा उतरायचा.
चौदा वेळा, ती म्हणाली, आणि बोटं मोजायला घेतली.
तिची संपली तेव्हा माझी चार घेतली.

मी तिला पत्र्याचे पापुद्रे दाखवले :
वर कन्नड, खाली इंग्रजी, सगळ्यात तळाला मराठी,
मालती ड्रेसेस, मालती ड्रेसेस, मालती ड्रेसेस.
तिन्ही अक्षरं माझीच.
काळा हात मारून मीच पुसलं,
मीच लिहिलं, पैसेही मीच घेतले.
म्हटलं, चौदा वेळा म्हणजे
तुमच्याकडं पेंटरची चैनच की!

ती हसली नाही.
म्हणाली, ज्यांना विकत आणून उसात घातलं
त्यांना वाचायला शिकवलंच नाही कुणी.
त्यांनी मालकाचे शब्द उचलले,
आपल्या चालीवर बोलले,
त्याची जी भाषा झाली
ती कुठल्याच पाटीवर नव्हती.
मग पुसणार काय?
शाळेत तिला छडी होती. चुलीपाशी नव्हती.

ब्रश टर्पेंटाईनमध्ये तसाच राहिला.
बाहेर ट्रॅक्टर अडकला होता, मागं दोन ट्रॉल्या ऊस.
ती उठली, एक कांडं ओढलं, नाकाशी धरलं.
आमचा संपला, म्हणाली. मग केळी आली,
आता जहाजातून पाहुणे येतात.
आईकडचा कुणी खापरपणजोबा
कलकत्त्याच्या बंदरातून गेला होता, करारावर.
वहीत लिहिलंय ते त्याचं नाव की गावाचं,
ठाऊक नाही.
कारकुनानं ऐकलं तसं लिहिलं.

आणि फ्रेंचांच्या आधी?
तिनं हाताचे पंजे केले, मान ताठ केली,
पाठीवर काटे दाखवले.
घोरपड! मी ओरडलो. आमच्याकडं पण हाय.
मूळच्या लोकांनी ठेवलेलं नाव :
जिथं ती सापडते ती जागा.
ती माणसं राहिली नाहीत, नाव विमानतळाला दिलंय.
मी म्हटलं, आमचं गाव बांबूचं म्हणतात,
वेणुग्राम. त्यानंतर किती नावं झाली.
बांबू मात्र बुरडाच्या टोपलीत बघायचा,
नाहीतर खानापूरच्या पलीकडं.

मग ती म्हणाली, सेंट लुसिया नको.
घरी म्हणतो तसं लिहा : सेंट लिसी.
कुठल्या अक्षरांत?
तुमच्या.
'सी' ऱ्हस्व की दीर्घ? तिनं परत म्हणून दाखवलं,
ओढून, जरा जास्तच ओढून.
दीर्घ केला.

सवयीनं वरची अर्धी जागा मोकळी ठेवली होती.
तिथं काय? तिनं विचारलं.
तिथं नेहमी सरकारी अक्षरं येतात, हे काय सांगायचं तिला.
तिथं घोरपड काढली. जन्मात पहिल्यांदा काढली.
खांदा ठणकत होता.
शेपूट पत्र्यात मावेना,
कडेवरून वळवून
मागच्या बाजूला नेली.